बारावीला पीसीबीत (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र) ४४.३३ टक्के : नर्सिंगचा रस्ता बंद झाला असे समजावे का?

धायरीची_आई | १२ मे, सकाळी ११.२०

सर्वांना नमस्कार. माझ्या मुलीचा बारावी विज्ञान शाखेचा निकाल मागच्या आठवड्यात लागला. तिला इंग्रजीत ५८, मराठीत ६९, भौतिकशास्त्रात ३८, रसायनशास्त्रात ४१, गणितात ३७ आणि जीवशास्त्रात ५४ असे ६०० पैकी २९७ गुण आहेत. दहावीला हीच मुलगी ८१ टक्क्यांनी उत्तीर्ण झाली होती. अकरावीला गणित आणि जीवशास्त्र दोन्ही विषय घ्यावेत, म्हणजे इंजिनिअरिंग आणि मेडिकल अशा दोन्ही वाटा मोकळ्या राहतील, हा आग्रह आम्हीच धरला होता. दोन डगरींवर पाय ठेवायला लावल्याचे फळ आता समोर आहे आणि त्यासाठी तिला बोल लावण्याचा आम्हाला अधिकार नाही.

तिला नर्सिंगला जायचे आहे. निकालानंतर सुचलेला हा विचार नव्हे. दहावीपासून ती हेच सांगते आहे. बी.एस्सी. नर्सिंगची सीईटी (राज्याची प्रवेशपरीक्षा) तिने दिली असून उत्तरतालिकेशी ताडून पाहता १०० पैकी ४७ गुण होतील असे दिसते. आम्ही खुल्या प्रवर्गात येतो. काल शहरातील एका संस्थेत चौकशीला गेलो होतो. तेथील बाईंनी गुणपत्रिकेवर नुसती नजर टाकली आणि "पंचेचाळीसच्या खाली आहे, मॅनेजमेंटमधून बघू, पण आधी थोडी रक्कम भरून जागा धरून ठेवा" असे सांगितले. त्या रकमेची पावती मिळेल का, असे विचारल्यावर त्यांचा चेहरा बदलला, म्हणून आम्ही उठून आलो. एवढ्या गुणांवर सरळ मार्गाने प्रवेश मिळण्याची काही सोय आहे का, की हे वर्ष गेले असे धरून चालावे?

नियमावली_वाचक | १२ मे, दुपारी १२.०५

ताई, उठून आलात हे उत्तम केलेत. बी.एस्सी. नर्सिंगसाठी भारतीय परिचर्या परिषदेची अट अशी आहे की, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र या तीन विषयांत मिळून किमान ४५ टक्के गुण हवेत आणि इंग्रजीतही उत्तीर्ण असायला हवे. मराठीचे ६९ किंवा एकूण ४९.५० टक्के येथे उपयोगी पडत नाहीत. तुमच्या मुलीचे तीन विषयांचे गुण १३३ होतात आणि ३०० चे ४५ टक्के म्हणजे १३५. टक्केवारी पूर्णांकात वर ढकलण्याची सोय नाही, ४४.९९ ही सुद्धा अपात्रताच ठरते. मुख्य म्हणजे ही अट अभ्यासक्रमाला आहे, कोट्याला नाही, त्यामुळे मॅनेजमेंटच्या जागेवर बसले म्हणून ती शिथिल होत नाही. अशा जागेवर पैसे भरून घेतलेला प्रवेश पुढे विद्यापीठाच्या पात्रता छाननीत अडकतो आणि तोवर संस्थेने हात वर केलेले असतात. अनुसूचित जाती आणि जमातींच्या उमेदवारांसाठी हीच मर्यादा ४० टक्के आहे, हे येथे वाचणाऱ्या इतरांसाठी लिहून ठेवतो.

सीईटीच्या ४७ गुणांनी घाबरून जाऊ नका. खुल्या प्रवर्गाला लागणारे ५० हे पर्सेंटाईल आहे, ५० गुण नव्हे. परीक्षेला बसलेल्यांपैकी निम्मी मुले तुमच्या मुलीच्या मागे असली की ते साधते. या परीक्षेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंगविषयक कल या पाच भागांना प्रत्येकी २० गुण असतात, त्यामुळे इंग्रजी बरे असणारी मुलगी येथे सावरते. २०२२ पर्यंत आपल्याकडे हे प्रवेश वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेच्या गुणांवर होत असत. राज्याची स्वतंत्र सीईटी २०२३ पासूनची आहे. म्हणून जुन्या बॅचच्या मुलींकडून मिळालेली माहिती तशीच्या तशी धरू नका.

निवृत्त_मास्तर | १२ मे, दुपारी ३.४०

मी अनेक वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवले, म्हणून गुणपत्रिकेकडे शिक्षकाच्या नजरेने पाहतो आणि थोडे स्पष्ट लिहितो.

दोनच गुण कमी पडत असताना सर्वप्रथम उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवावी. निकालानंतर साधारण दोन आठवडे मंडळाच्या संकेतस्थळावर त्यासाठी अर्ज करता येतो. छायाप्रत हाती आल्यावर ती विषयशिक्षकाला दाखवावी आणि त्यांना तथ्य वाटले तरच पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करावा. त्यासाठी छायाप्रत मिळाल्यापासून कामकाजाचे पाचच दिवस असतात, हे कॅलेंडरवर लिहून ठेवा. तपासायचे राहिलेले उत्तर, पानाच्या मागच्या बाजूची बेरीज, पुरवणीतला प्रश्न अशा गोष्टींत एक-दोन गुण हलल्याचे मी पाहिले आहे. दहा गुण वाढतील अशी आशा मात्र ठेवू नये.

आता कटू भाग. भौतिकशास्त्राच्या ३८ गुणांत प्रात्यक्षिकाचे ३० पैकी २५-२६ तरी असणार, कारण आपल्याकडे प्रात्यक्षिकात सढळ हाताने गुण दिले जातात. म्हणजे लेखी परीक्षेत ७० पैकी १२ किंवा १३. रसायनशास्त्रातही फारसे वेगळे नसावे. मुलगी कमी पडली असे मला म्हणायचे नाही. दहावीचे ८१ टक्के तिची कुवत सांगतात. परंतु ४१ आणि ३८ हे आकडे "थोडक्यात हुकले" असे सांगतात आणि लेखीचे आकडे "पुस्तक उघडलेच गेले नाही" असे सांगतात. यांतले खरे कोणते, हे तिलाच विचारावे, आणि विचारताना वडिलांनी खोलीबाहेर थांबावे.

दुसरा मार्ग श्रेणीसुधार योजनेचा. उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला सर्व विषय घेऊन पुन्हा परीक्षेला बसता येते. गुण वाढले नाहीत तर आधीची गुणपत्रिका जाते असे नाही. जून-जुलैच्या पुरवणी परीक्षेलाही श्रेणीसुधारासाठी बसता येते आणि तिचे अर्ज निकालापाठोपाठ सुरू होतात. नर्सिंगच्या प्रवेशफेऱ्या पावसाळाभर चालतात, तेव्हा जुलैअखेर हाती आलेली सुधारित गुणपत्रिका याच वर्षी उपयोगी पडू शकते. उद्याच महाविद्यालयात जाऊन अर्ज भरा. संधी मोजक्या असतात, म्हणून अर्ज भरला तर अभ्यासही झाला पाहिजे.

खडकवासल्याचा_पाहुणा | १२ मे, रात्री ८.१५

कोणाला दुखवण्याचा हेतू नाही, परंतु कोणीतरी विरुद्ध बाजूही मांडली पाहिजे. ज्या विद्यार्थ्याला भौतिकशास्त्रात लेखीला १३ गुण मिळतात, त्याला कोणत्याही मार्गाने रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचवायचेच, असा आपला खटाटोप का असावा? माझे वडील मागच्या वर्षी अतिदक्षता विभागात अकरा दिवस होते. तेथील परिचारिकेच्या एका चुकीची किंमत काय असू शकते, हे मी काचेच्या दाराबाहेर बसून पाहिले आहे. इंजिनिअरिंगला जमले नाही म्हणून कॉमर्स, तेही नाही म्हणून नर्सिंग, अशी उतरंड आपल्या समाजाने लावली आहे, आणि हा धागा नकळत तीच उतरंड पुढे चालवतो आहे असे मला वाटते.

रात्रपाळी | १३ मे, पहाटे ५.५०

ड्युटी संपायच्या बेतात आहे, त्यामुळे लांबले तर सांभाळून घ्या.

पाहुणेसाहेब, वडिलांची प्रकृती आता ठीक असावी अशी आशा करते. तुमच्या प्रश्नाला उत्तर देण्याचा मला थोडा अधिकार आहे, कारण २००५ साली मला बारावी विज्ञानाला ४६ टक्के होते आणि पीसीबीत त्याहून कमी. आज मी एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात इन्चार्ज आहे. उतरंडीबद्दल तुम्ही लिहिलेत ते खरे आहे. नाइलाजाने आलेल्या मुली पहिल्या सहा महिन्यांत ओळखू येतात. उलटी साफ करायची वेळ आली की त्यांना नेमकी दुसरीकडे कामे सुचतात. पण ज्या मुलीने दहावीपासून नर्सिंग म्हटले आहे, ती या उतरंडीतून आलेली नाही.

भौतिकशास्त्राचे गुण आणि खाटेजवळची चूक यांचा संबंध तुम्हाला वाटतो तितका सरळ नाही. आमच्याकडे चुका कुठे होतात ते सांगते. इन्सुलिनची एक बाटली मिलिलीटरला ४० युनिटची येते आणि तिच्यासाठी सिरिंजही वेगळी असते. घाईत १०० युनिटची सिरिंज घेऊन कोणी ४० च्या खुणेपर्यंत औषध भरले, तर रुग्णाला ४० नव्हे, १६ युनिट जातात. साखर का उतरत नाही म्हणून सगळे डोके खाजवत बसतात आणि पुढचा डोस वाढवला जातो. ही चूक करणाऱ्या मुलीला बारावीला ७० टक्केही असू शकतात. तिने बाटलीवरचे लेबल आणि सिरिंजवरचा आकडा यांची गाठ घातली नाही, एवढेच झालेले असते. गणित लागते, पण ते पाचवी-सातवीचे त्रैराशिक असते, आणि ते रात्री तीन वाजता, शेजारचा मॉनिटर वाजत असताना बिनचूक यावे लागते. मंडळाच्या परीक्षेत ते मोजले जात नाही.

तरीही मास्तरांनी ज्यावर बोट ठेवले आहे ते मी झटकून टाकणार नाही. नर्सिंगला उत्तीर्ण होण्याची रेषा ३५ ची नाही. लेखीत ५० टक्के आणि प्रात्यक्षिकात वेगळे ५० टक्के मिळवावे लागतात, एकाची भर दुसऱ्यात चालत नाही. पहिल्याच वर्षी शरीररचना, शरीरक्रिया आणि सूक्ष्मजीवशास्त्र इंग्रजीतून समोर येतात. लेखी टाळण्याची सवय घेऊन आलेली मुलगी वॉर्डमध्ये कितीही चांगली असली तरी तेथे अडकते. माझ्या बॅचमध्ये अशा दोघी होत्या, आणि रुग्ण त्यांचेच नाव घेऊन हाक मारीत असत.

आता ताईंसाठी. बी.एस्सी.चे दार अडले तरी जीएनएमचे (जनरल नर्सिंग आणि मिडवाइफरी, नर्सिंगची पदविका) उघडे आहे. त्यासाठी बारावीला एकूण ४० टक्के आणि इंग्रजीतही वेगळे ४० टक्के असणे पुरते. पीसीबीची वेगळी अट नाही. तुमच्या मुलीचे ४९.५० टक्के तेथे चालतात. अभ्यासक्रम तीन वर्षांचा असून शेवटचे सहा महिने इंटर्नशिपचे असतात; माझ्या वेळी तो साडेतीन वर्षांचा होता. उत्तीर्ण झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत परिचारिका आणि प्रसविका म्हणून नोंदणी होते आणि बी.एस्सी. झालेली मुलगी ज्या वॉर्डात उभी असते, त्याच वॉर्डात तुमची मुलगीही असते. सरकारी अधिपरिचारिकेच्या पदासाठीही जीएनएम चालते. एम्सच्या परिचारिका भरतीसाठी जीएनएमच्या उमेदवाराला किमान ५० खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव लागतो, बी.एस्सी.ला लागत नाही, एवढा फरक.

मी पुढे नोकरी करून पैसे साठवले आणि जीएनएमनंतर करता येणारा दोन वर्षांचा पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग केला. तो पूर्ण झाल्यावर पदवी हातात आली आणि बारावीचे गुण कोणी पुन्हा विचारले नाहीत. एम.एस्सी.ला बसायचे तर पदवीला ५५ टक्के आणि एक वर्षाचा अनुभव पाहतात. माझे अजून राहिले आहे, ते आळसामुळे.

जाता जाता मुलीसाठी एक प्रश्न ठेवते. ५०० मिलिलीटर सलाईन ६ तासांत द्यायचे आहे. सलाईनच्या नळीचा सेट मिलिलीटरला २० थेंबांचा आहे. मिनिटाला किती थेंब ठेवशील? कॅल्क्युलेटर नाही, आईला विचारायचे नाही.

नियमावली_वाचक | १३ मे, सकाळी ९.३०

सिस्टरांच्या लेखनाला दोन पुरवण्या जोडतो. जीएनएम आणि एएनएमच्या (सहायक परिचारिका-प्रसविका अभ्यासक्रमाच्या) परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेते, तर बी.एस्सी. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे आहे. त्यामुळे संस्थेची मान्यता तपासताना अभ्यासक्रम कोणता ते आधी पाहावे आणि मग त्या-त्या यादीत नाव शोधावे. संस्थेचे स्वतःचे रुग्णालय १०० खाटांचे आहे का, की मुलींना रोज बसने तीन ठिकाणी फिरवतात, हेही विचारावे. रुग्णालय नसलेली नर्सिंगची शाळा म्हणजे तलाव नसलेला पोहण्याचा वर्ग.

पुण्यातील सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाच्या नर्सिंग कॉलेजबद्दल कोणी सुचवण्याआधीच लिहितो. तेथे मुलींनाच प्रवेश आहे, नीट द्यावी लागते आणि बारावीला पहिल्याच प्रयत्नात ५० टक्के मागतात. श्रेणीसुधाराने गुण वाढले तरी तो पहिला प्रयत्न ठरत नाही, त्यामुळे तो पर्याय येथे विचारात घेऊ नये. अभिमत विद्यापीठांच्या स्वतंत्र प्रवेशपरीक्षा असतात. तेथेही पीसीबीच्या ४५ टक्क्यांतून सुटका नाही आणि शुल्क जास्त असते.

काटकसरी_बाप | १३ मे, सकाळी ११.१०

मान्यता तपासण्याबद्दल वर एका वाक्यात आले आहे, ते मी अनुभवाने ठळक करतो. माझ्या थोरल्या मुलीला बारावीला ४३ टक्के होते. उपनगरातील एका संस्थेने "एक वर्षात नर्सिंग डिप्लोमा, शंभर टक्के नोकरी" असा फलक लावला होता. पांढरा गणवेश, टोपी, दीपप्रज्वलनाचा कार्यक्रम, सगळे साग्रसंगीत झाले. आम्ही फोटो काढून गावी पाठवले. वर्षानंतर मोठ्या रुग्णालयात मुलाखतीला गेली, तर पहिलाच प्रश्न परिषदेच्या नोंदणी क्रमांकाचा. तो नव्हता आणि मिळणारही नव्हता. तिला रुग्णसहायक म्हणून घेऊ असे ते म्हणाले. ते काम हलके आहे असे मी म्हणत नाही. प्रामाणिक काम आहे आणि त्यासाठीचे रीतसर कौशल्य अभ्यासक्रमही आहेत. पण आम्ही पैसे नर्सिंगचे भरले होते.

तेव्हापासून कोणी विचारले की मी एकच सांगतो. "हा कोर्स केल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होईल का, आणि मागच्या बॅचच्या दोन मुलींचे नोंदणी क्रमांक दाखवाल का?" असे विचारावे. खरी संस्था कागद काढून दाखवते. खोटी संस्था चहा मागवते.

अर्धी_वाट | १३ मे, दुपारी २.२५

धाग्याच्या मूळ प्रश्नाला फाटा फोडत असेन तर माफी असावी. मी ३१ वर्षांची आहे, बारावी कला शाखेतून ४८ टक्क्यांनी उत्तीर्ण झाले आणि लग्नानंतर शिक्षण थांबले. सासूबाईंच्या आजारपणात दोन वर्षे ड्रेसिंग, रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी भरवण्याची नळी), लघवीची पिशवी हे सगळे मी घरी केले. घरी येणाऱ्या सिस्टरांनी "तू शिकली का नाहीस?" असे विचारले, तेव्हापासून तो प्रश्न मनातून जात नाही. कला शाखा, कमी गुण आणि वय या तिन्ही गोष्टी घेऊन मी कुठे बसते?

रात्रपाळी | १३ मे, संध्याकाळी ६.४०

तुम्ही बसता. जीएनएम आणि एएनएम या दोन्हींसाठी वय १७ ते ३५ धरले जाते, म्हणजे तुमच्याकडे वेळ आहे, पण उगाच घालवण्याइतका नाही. एएनएम दोन वर्षांचे असून कला शाखेच्या मुली तेथे पूर्वीपासून येतात. त्यातून उपकेंद्र, लसीकरण, बाळंतपण अशा कामाकडे जाता येते. जीएनएमलाही कला शाखा चालते, मात्र जागा कमी पडल्या तर विज्ञानाला झुकते माप मिळू शकते, याची तयारी ठेवा. तुमची खरी परीक्षा इंग्रजीत आहे. आजपासून औषधांच्या वेष्टनावरचे इंग्रजी वाचायला लागा.

रायल्स ट्यूब घातलीत की फक्त त्यातून भरवलेत, ते कळवा. घातली असेल तर ते पुन्हा करू नका, शिकून करा.

अर्धी_वाट | १३ मे, संध्याकाळी ७.०५

फक्त भरवत होते. नळी सिस्टर बदलत असत. मनापासून आभार.

निवृत्त_मास्तर | १४ मे, सकाळी ८.००

सिस्टरांशी माझा एका मुद्द्यावर मतभेद आहे, तो नोंदवतो. जीएनएम आणि नंतर पोस्ट बेसिक या मार्गाला पाच वर्षे लागतात आणि मध्ये नोकरीची वर्षे येतात ती वेगळीच. बी.एस्सी.ला चार लागतात. केवळ दोन गुणांसाठी लांबचा रस्ता धरण्याआधी श्रेणीसुधाराचा एक प्रयत्न व्हायला हवा. मुलगी अठरा वर्षांची आहे. दोन महिने मन लावून बसली तर १३३ चे १५० होणे अवघड नाही. शिवाय शुल्काचाही प्रश्न आहे.

रात्रपाळी | १४ मे, सकाळी १०.१५

मास्तर, तुमचे गणित बरोबर आहे, पण त्यात मुलीचा उबग धरलेला नाही. ज्या विषयांनी दोन वर्षे तिला खाली पाहायला लावले, तेच सहाच्या सहा विषय, गणितासकट, पुन्हा घेऊन बसायचे आहे. काही मुलींना ते जमते, काही त्यात पार मोडून जातात आणि नर्सिंगचेच नाव सोडतात. शिवाय माझ्या मधल्या नोकरीच्या वर्षांनी मला जे शिकवले, ते वाया गेले असे मी मानत नाही. पोस्ट बेसिकला बसले तेव्हा पुस्तकातला प्रत्येक आजार मी एखाद्या चेहऱ्यासकट वाचत होते.

तरीही अर्ज दोन्हीकडे भरावा, हे तुमचे म्हणणे मला मान्य आहे. पुरवणी परीक्षा आणि जीएनएमचा अर्ज यांत एकाने दुसऱ्याचे दार लागत नाही.

नियमावली_वाचक | १४ मे, दुपारी १२.३०

मास्तरांनी शुल्काचा विषय काढला म्हणून लिहितो. राज्य शासनाच्या ८ जुलै २०२४ च्या निर्णयानुसार, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग किंवा इतर मागास वर्गात येणाऱ्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट एकच आहे आणि ती नेमकी पालक विसरतात : प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला असावा. मॅनेजमेंटच्या जागेवर किंवा अभिमत विद्यापीठात ही सवलत नाही. ताई, तुम्ही खुल्या प्रवर्गात आहात आणि उत्पन्न मर्यादेत असेल, तर आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला आजच तहसील कार्यालयातून काढायला टाका. जून उजाडला की सेतू केंद्रावरची रांग रस्त्यावर येते. त्या संस्थेत जागा धरून ठेवायला तुम्ही पैसे भरले असते, तर ही सवलतही त्यासोबत गेली असती.

खडकवासल्याचा_पाहुणा | १४ मे, रात्री ९.५०

सिस्टर, इन्सुलिनचे उदाहरण वाचून मी थोडा वेळ गप्प बसलो. वडिलांची साखर चार दिवस उतरत नव्हती, त्याचे कारण तेव्हा कोणी सांगितले नाही. माझा मूळ आक्षेप पूर्ण मावळलेला नाही. प्रवेशाची किमान रेषा असलीच पाहिजे असे मला अजूनही वाटते. मात्र त्या रेषेच्या वर कोण चांगले आणि कोण वाईट, हे गुणपत्रिका सांगते, असा माझा समज होता, तो मी मागे घेतो.

धायरीची_आई | १९ जून, दुपारी ४.३०

बरेच दिवसांनी लिहिते आहे. छायाप्रत मागवली होती. मास्तर, भौतिकशास्त्राच्या लेखीत ७० पैकी १२ निघाले. तुमचा अंदाज वाचून मुलगी तुमच्यावर रागावली होती, आता तो राग उतरला आहे. त्या उत्तरपत्रिकेत मागण्यासारखे काहीच नव्हते, अर्धी पाने कोरी होती. रसायनशास्त्रात मात्र एका उत्तराला गुणच दिलेला नव्हता. पुनर्मूल्यांकनात त्याचा एक गुण वाढला आणि बेरीज १३४ झाली. ४४.६७ टक्के. एका गुणाने काय होते, असे मी जन्मभर तिला सांगत आले, ते शब्द आता मला घरात बोलता येत नाहीत.

सीईटीचा निकालही लागला असून तिला ५७ पर्सेंटाईल आहे. श्रेणीसुधाराचा अर्ज तुमच्या सांगण्यावरून मुदतीत भरला होता, त्यामुळे ती आता पुरवणी परीक्षेला बसते आहे. जीएनएमच्या कागदपत्रांची जुळवाजुळवही पूर्ण झाली आहे. गणितात उत्तीर्ण होण्यापुरतेच लिहायचे आणि सगळा वेळ पीसीबीला द्यायचा असे तिने स्वतः ठरवले. तिचे वडील आता या विषयावर बोलत नाहीत. रोज रात्री दहा वाजता तिला दूध नेऊन देतात.

निवृत्त_मास्तर | १९ जून, संध्याकाळी ५.१५

कोऱ्या पानांबद्दल तिला काही बोलू नका. भौतिकशास्त्रासाठी सांगतो : नवे काही हाती घेऊ नये. मागील पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिकांतील व्याख्या, सिद्धता आणि आकृत्या एवढेच रोज लिहून काढावे, वाचू नये. आकृतीला नावे दिली नाहीत तर अर्धा गुण जातो. तुमच्याकडे आता अर्ध्या गुणाला किंमत आहे.

धायरीची_आई | ६ जुलै, रात्री ८.४५

ही मुलगीच लिहिते आहे, आईच्या खात्यावरून. भौतिकशास्त्राचा पेपर झाला आहे. या वेळी एकही पान कोरे ठेवले नाही, बरोबर किती आले ते निकालात कळेल. मास्तरांना नमस्कार.

सिस्टर, तुमचा मे महिन्यातला प्रश्न मी तेव्हा चुकवला होता, म्हणून उत्तर लिहिले नव्हते. मी ५०० ला ६ ने भागून ८३ लिहिले होते, पण ते तासाचे मिलिलीटर झाले, मिनिटाचे थेंब नव्हेत. आता परत केले. ५०० गुणिले २० म्हणजे १०,००० थेंब, सहा तासांची ३६० मिनिटे, भागाकार सुमारे २७.८ येतो. थेंब अर्धा पाडता येत नाही म्हणून २८.

रात्रपाळी | ७ जुलै, पहाटे ५.३५

२८ बरोबर. आता तेच ५०० मिलिलीटर, तेच ६ तास, पण वॉर्डात २० थेंबांचे मॅक्रो सेट संपले आहेत आणि तुझ्या हातात मिलिलीटरला ६० थेंबांचा मायक्रो सेट आहे. मिनिटाला किती, ते सांग. आणि तुझे मे महिन्यातले चुकलेले उत्तर इथे का बरोबर येते, तेही लिही.